जावळीच्या उतारावर दोन चाकं

वाईहून प्रतापगड रस्त्याने जेमतेम पंचावन्न किलोमीटर. गाडीने सकाळी निघालं तर पाचगणीला चहा, महाबळेश्वरला मक्याचं कणीस आणि जेवणवेळेच्या आत गडाचा पायथा. १६५९ साली अफझलखान वाईतच तळ देऊन बसला होता. तिथली सुभेदारी त्याने आधी सांभाळलेली, मुलूख त्याच्या पायाखालचा. तरी शिवाजी महाराजांनी त्याला जावळीत उतरायला लावलं. हत्ती, उंट आणि तोफा घेऊन रडतोंडीच्या घाटाने खाली पार गावाला उतरणं म्हणजे काय, हे मोटारीच्या काचेतून समजत नाही. सायकलवर समजतं. पाचगणीपर्यंत मांड्या भरून आलेल्या असतात, महाबळेश्वर ओलांडलं की रस्ता जंगलात शिरतो आणि उतरत राहतो, उतरतच राहतो. प्रत्येक वळणावर मनात एकच येतं, हे सगळं परत चढायचं म्हटलं तर? खानाच्या फौजेवर ती वेळ आली तेव्हा वरच्या वाटा अडलेल्या होत्या.

सह्याद्रीतल्या इतिहासाबद्दल आपण पुष्कळ वाचतो, पुष्कळ ऐकतो. पण तो घडला तो चढ-उतारांवर, आणि चढ-उतार शरीराला कळल्याशिवाय त्यातलं अर्धंअधिक हाती लागत नाही, असं माझं वर्षानुवर्षं घाटात सायकल चालवून झालेलं मत आहे. पायी ट्रेक करणाऱ्याला गड कळतो. गडांच्या मधला मुलूख, एका खोऱ्यातून दुसऱ्या खोऱ्यात जाण्याची किंमत, कुठली खिंड कुणाच्या ताब्यात असली म्हणजे कुणाचं मीठ अडतं, हे मात्र एका दमात शंभर किलोमीटर जाणाऱ्या आणि तरीही प्रत्येक मीटरची किंमत मोजणाऱ्या वाहनावरून कळतं.

म्हणून हा लेख एका कड्याविषयी आहे. पुण्याहून वाई, पसरणी घाटाने पाचगणी-महाबळेश्वर, आंबेनळी घाटाने पोलादपूर, तिथून महाड, रायगड, आणि वरंधा घाटाने भोरमार्गे पुन्हा पुणे. साडेतीनशे-पावणेचारशे किलोमीटरचं हे कडं. युनेस्कोने जुलै २०२५ मध्ये ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ म्हणून जे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले, त्यातले प्रतापगड आणि रायगड या वाटेवर आहेत. राजगडही भोरपासून फार लांब नाही.

या रस्त्यांवर आज सायकलवाले नवीन राहिलेले नाहीत. पुण्याला सायकलींचं शहर म्हणत त्या काळातली सायकल कामावर जाण्याची होती. आता घाटात दिसते ती ड्रॉप हँडलची, बारीक टायरची, पुढे दोन दात्या आणि मागे अकरा-बारा दात्यांची. पुणे, सातारा, नाशिक, कोल्हापूर इथून बीआरएम, म्हणजे ब्रेव्हे, निघतात. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० वीस तासांत, ४०० सत्तावीस तासांत, ६०० चाळीस तासांत. ही शर्यत नसते, वेळेत पोचलं की झालं. नाशिकच्या महाजन बंधूंनी २०१५ मध्ये दोघांच्या संघात ‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’ पूर्ण केली आणि २०१७ मध्ये श्रीनिवास गोकुलनाथ व नागपूरचे अमित समर्थ यांनी ती एकेकट्याने पूर्ण केली, तेव्हापासून मराठी मुलखात लांब पल्ल्याच्या सायकलिंगला वेगळीच धार आली. ही मंडळी सरावाला घाटातच जातात. पण सरावाला जाणाऱ्याची नजर मीटरवर असते. मला बोलायचं आहे ते मान वर करून सायकल चालवण्याबद्दल.

*

पुण्यातून वाईपर्यंतचा महामार्ग लवकर उरकावा. कात्रज, खंबाटकी, दोन्हीकडे ट्रकची रांग आणि धूर. पहाटे चारला निघालं तर सुरूर फाट्याला उजेड होतो, आणि फाट्यावरून आत वळल्यावर पहिल्यांदा सायकलचा स्वतःचा आवाज ऐकू येतो.

वाईत ढोल्या गणपतीला हात जोडून सगळे पुढे जातात. मी सुचवेन, मेणवलीकडे वाकडी वाट करा. नाना फडणवीसांचा वाडा, मागे कृष्णेचा अर्धचंद्राकार घाट आणि मेणेश्वराजवळ एका लहानशा दगडी घुमटीत टांगलेली पंचधातूची प्रचंड घंटा. तिच्यावर १७०७ हे साल आहे. चिमाजी आप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकली, त्या मोहिमेत पोर्तुगीजांच्या चर्चमधून ज्या घंटा मराठ्यांनी आणल्या त्यांतली ही एक. महाराष्ट्रातल्या कित्येक देवळांत अशा घंटा आहेत. मेणवलीत मला दरवेळी वाटतं ते एवढंच, की वसईच्या किनाऱ्यावरचं हे धूड सह्याद्री चढून इथे आलं. कुठल्या घाटाने, किती बैलांनी, किती दिवसांत? खांद्यावरची दोन किलोची पिशवी जड वाटत असलेल्या माणसाला हा प्रश्न फार जवळचा वाटतो.

वाईच्या पुढे पसरणी. हे शाहीर साबळे यांचं गाव. महाराष्ट्राचं राज्यगीत त्यांच्या आवाजात घरोघर पोचलं. गाव मागे पडलं की घाट लागतो, आणि इथे थोडं थांबून सांगायलाच हवं, कारण हा घाट म्हणजे या कड्यातला सगळ्यात सभ्य चढ आहे.

वाई सातशे मीटरच्या थोडं वर, पाचगणी तेराशेच्या आसपास. मधे अकरा-बारा किलोमीटर रस्ता. हिशेब केला तर सरासरी चढ पाच टक्के येतो, म्हणजे वीस पावलं पुढे गेलं की एक पाऊल वर. आणि तो चढ जवळपास शेवटपर्यंत तसाच राहतो. कुठे भिंतीसारखा उभा राहत नाही, कुठे सपाट होऊन लय मोडत नाही. लो गिअर टाकायचा, हँडल वरून हलकं धरायचं, श्वास आणि पेडल यांची जोडी जुळवायची आणि तास-दीड तास तेच करत राहायचं. पंचाऐंशी किलोचं ओझं, म्हणजे सायकलस्वार अधिक सायकल, पावणेसहाशे मीटर उचलायला शरीर साधारण पावणेपाचशे किलोकॅलरी जाळतं. एक भरलेली पोह्यांची बशी आणि वर दोन केळी. वाईच्या स्टँडसमोर ती खाऊन निघावं.

ही समजूतदार चढण कुणासाठी आखली? बैलांसाठी. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत सह्याद्रीतून माल जायचा तो लमाणांच्या तांड्यांतल्या बैलांच्या पाठीवरून. कोकणातून मीठ वर, घाटावरून धान्य खाली. पाठीवर गोणी असलेला बैल उभ्या पाऊलवाटेनेही जातो, पण गाडीला जुंपलेला बैल जात नाही. १८३० मध्ये गव्हर्नर जॉन माल्कमने बोरघाट गाड्यांसाठी खुला केला, आणि त्याच माल्कमने साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांच्या मुलखातली महाबळेश्वरची जागा हवा खाण्यासाठी पसंत केली. त्यानंतरच्या पन्नासेक वर्षांत सह्याद्रीत गाडीरस्ते झाले. आखणाऱ्यांना एकच मर्यादा पाळायची होती, भरलेली गाडी ओढणाऱ्या बैलाला जेवढा चढ सोसेल त्याहून जास्त द्यायचा नाही. म्हणून ते रस्ते डोंगराच्या अंगाशी वळत, घळीत शिरत, पुन्हा बाहेर येत, हळूहळू उंची घेत गेले. बैलाला जो चढ झेपतो तो सायकलवाल्याला झेपतो. आपण आज ज्याला सुंदर घाट म्हणतो तो त्या जनावराच्या फुप्फुसांच्या मापाने बेतलेला आहे.

हे लक्षात ठेवा, कारण पुढे त्याच्याशी काम आहे.

एका वळणाच्या कठड्यावर सकाळी एक मावशी रानातली लाकडं उतरवून टेकल्या होत्या. मला धापा टाकताना बघून म्हणाल्या, “वर मोटार जातीय की, कशाला जीव काढता?” मी म्हटलं, “मावशी, तुम्हीपण चालतच आलात की.” त्यावर त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, “मला काम हाय.” पुढच्या दोन किलोमीटरमध्ये मला त्याचं उत्तर सुचलं नाही, आणि आजही फारसं बरं उत्तर माझ्याकडे नाही. ज्यांच्या पायांना पर्याय नाही आणि जे हौसेने पाय वापरतात, ते एकाच चढावर असले तरी एकाच रस्त्यावर नसतात, एवढं हौशी माणसाने विसरू नये.

*

पाचगणी ते महाबळेश्वर या एकोणीस किलोमीटरबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. स्ट्रॉबेरीच्या पाट्या, हॉटेलं, आणि शनिवार-रविवारी गाड्यांची न हलणारी रांग. हा पट्टा केंद्र सरकारने जानेवारी २००१ मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला आहे. रस्त्याच्या कडेने बघत गेलं तर ती अधिसूचना कुणाच्या ध्यानात असेल असं वाटत नाही. क्षेत्र महाबळेश्वरला मात्र जावं. काळ्या दगडाचं कृष्णाबाईचं देऊळ आणि पंचगंगेचं मंदिर, जिथे कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री, गायत्री या पाच नद्यांचा उगम मानतात. यातल्या कृष्णेची भेट वाईत झालेली असते. कोयना आणि सावित्री पुढे भेटणार असतात.

महाबळेश्वर सोडलं आणि आंबेनळीचा रस्ता धरला की दोन मिनिटांत हवा बदलते. इथे वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. वाईच्या अंगाला उघडे, पिवळे पडलेले डोंगर बघत आपण चढलेलो असतो आणि इकडे रस्त्यावर दुपारीही सावली असते. जांभूळ, अंजनी, हिरडा, पिसा. झाडं उंच नाहीत, वाऱ्याने खुरटलेली, पण एकमेकांत इतकी गुंतलेली की शेकरू जमिनीला पाय न लावता दरी उतरून जाईल. मी एकदा तिला रस्त्याच्या वरून, या बाजूच्या फांदीवरून त्या बाजूच्या फांदीवर जाताना पाहिलं आहे. तांबूस पाठ, लांब झुपकेदार शेपूट, आणि झेप घेतल्यावर क्षणभर हवेत ताणलेलं अंग. रस्ता रुंद केला की ही फांद्यांची कमान तुटते. मग शेकरूला खाली उतरावं लागतं, आणि खाली गाड्या असतात.

उतार चढापेक्षा अवघड. हे नवख्याला पटत नाही. वीसएक किलोमीटर उतरताना सायकल न मारता ताशी चाळीसच्या वर जाते. ब्रेक सतत दाबून धरला तर पॅड आणि रिम इतके तापतात की ट्यूब फुटू शकते. म्हणून वळणाच्या आधी, सायकल सरळ असताना, दोन्ही ब्रेक मिळून वेग उतरवायचा, वळणात ब्रेक सोडायचा, बाहेरच्या पायाचं पेडल खाली ठेवून वजन त्यावर द्यायचं आणि नजर पुढच्या चाकावर न ठेवता वळण जिथे सुटतं तिथे ठेवायची. सावलीतल्या वळणांवर दव आणि शेवाळं असतं. समोरून येणारा एसटीचा चालक वळणाआधी लांब हॉर्न देतो. ते सौजन्य आहे, रागावू नये. तळहात बधिर होतात, दंड थरथरतात. याच घाटात २८ जुलै २०१८ रोजी दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांची बस दरीत कोसळून ३० जणांचा जीव गेला. त्या घाटातून जाताना वेगाची मजा घ्यावीशी वाटू नये.

खाली वाडा कुंभरोशी. इथून एक फाटा वर प्रतापगडाला जातो, आणि मुख्य रस्ता सोडून दुसरीकडे वळलं तर पार. प्रतापगडाला सगळे जातात, पारला फारसं कुणी जात नाही. माझ्या मते आधी पारला जावं.

पार हे जुन्या पारघाटाच्या तोंडाशी बसलेलं गाव. रामवरदायिनीचं देऊळ, उतरती कौलारू घरं, भाताची खाचरं. गावाजवळ कोयनेवर एक दगडी पूल आहे, शिवकालीन म्हणून ओळखला जाणारा. टोकदार कमानी, प्रवाहाच्या बाजूला पाणी दुभंगावं म्हणून बांधलेली निमुळती दगडी तोंडं, आणि वरून आजही वाहतूक. सायकल कठड्याला टेकवून मी खाली उतरलो. हिवाळ्यात कोयना इथे घोट्याएवढी असते. कमानीच्या आतल्या बाजूला दगड इतके नीट बसलेले आहेत की सांध्यात बोटाचं नख जात नाही, मधून कुठेतरी नेच्याची दोन पानं तेवढी बाहेर आली आहेत. इथून काही तासांच्या अंतरावर, महाडजवळ, सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात वाहून गेला आणि त्याच्याबरोबर एसटीच्या दोन बसगाड्या गेल्या. दोन्ही पुलांची तुलना सरळसोट करता येणार नाही, कोयना इथे लहान आहे आणि सावित्री तिथे मोठी. पण पावसाचं पाणी कुठून आणि किती येणार हे ओळखून बांधणारा कुणीतरी इथे होता, हे मात्र पुलाखाली उभं राहिलं की मान्य करावं लागतं.

खानाचा तळ या पारच्या परिसरातच होता. वर बघितलं की प्रतापगड डोक्यावर. मागे बघितलं की महाबळेश्वरचे कडे. पश्चिमेला डोंगर संपतो आणि कोकण सुरू होतं. महाराजांनी चंद्रराव मोऱ्यांकडून जावळी १६५६ च्या जानेवारीत घेतली, आणि लगेच मोरोपंत पिंगळ्यांकडून भोरप्याच्या डोंगरावर हा गड बांधवला, तो का, हे पारच्या पुलावरून विचारायचीसुद्धा गरज उरत नाही. घाटमाथा आणि बंदरं यांच्या मधली ही वाट ज्याची, त्याची जकात आणि त्याची फौज.

मग गड चढावा. फाट्यापासूनची ही चार-पाच किलोमीटरची चढण बैलाला विचारून केलेली नाही, गाडीला विचारून केली आहे. थेट सगळ्यात खालचा गिअर, उभं राहून पेडल, आणि तरी दोन ठिकाणी उतरावंसं वाटतंच. भवानीमातेचं देऊळ, बालेकिल्ला, १९५७ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते अनावरण झालेला अश्वारूढ पुतळा हे सगळं शाळेच्या सहलीपासून ओळखीचं. मी बुरुजावर बसून बघत राहिलो ते खालच्या खोऱ्याकडे. १० नोव्हेंबर १६५९ ला दुपारी खानाशी भेट झाली, आणि २८ नोव्हेंबरला पन्हाळा महाराजांच्या ताब्यात होता. अठरा दिवस! प्रतापगड ते पन्हाळा मधे किती डोंगर, किती नद्या आहेत ते नकाशावर मोजा आणि मग स्वतःच्या मांड्यांना विचारा. भेटीच्या त्या एका क्षणावर आपले पोवाडे थांबतात. मला त्या अठरा दिवसांची चाल जास्त थक्क करते.

गडावरून उतरून पुन्हा मुख्य रस्त्याला लागलं की थोड्या अंतरावर आंबेनळीची खिंड. इथे पावसाचा एक थेंब पूर्वेला पडला तर कोयनेतून कराडला कृष्णेत, आणि तिथून थेट बंगालच्या उपसागरात. दोन हात पश्चिमेला पडला तर सावित्रीतून बाणकोटच्या खाडीत, अरबी समुद्रात. इथे फलक नाही. चढ संपून उतार लागतो, एवढीच खूण.

*

पोलादपूरला पोचेपर्यंत जॅकेट काढावं लागतं. समुद्रसपाटी जवळ येते, हवा दमट होते, टपरीवर लिंबू सरबताच्या जोडीला कोकम सरबत दिसू लागतं. जवळच उमरठ, तानाजी मालुसऱ्यांचं गाव. तिथून महाडपर्यंतचा महामार्ग सायकलवाल्याला नकोसा, पण थोडाच.

महाडात चवदार तळं. घाट उतरून आलेल्या माणसाला इथे वेगळ्या अर्थाने थांबावं लागतं. आदल्या दिवसभरात आम्ही किती दारांसमोर बाटल्या पुढे केल्या होत्या, कुणी नाही म्हटलं नाही. एका घरात तर, पाणी भरून झाल्यावर, काकूंनी गुळाचा खडाही हातावर ठेवला. अस्पृश्यांना सार्वजनिक पाणवठे खुले करण्याच्या बोले यांच्या ठरावानंतर महाड नगरपालिकेने १९२४ मध्येच हे तळं सगळ्यांना खुलं असल्याचं ठरवलं होतं. कागदावर. २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह चालत तळ्यावर आले आणि ओंजळभर पाणी प्यायले, त्यानंतर गावात मारहाण झाली, तळं ‘शुद्ध’ करून घेण्यात आलं, खटला चालला, आणि मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल लागायला १९३७ उजाडलं. त्या सत्याग्रहाला माणसं ठाणे, कुलाबा, रत्नागिरी जिल्ह्यांतल्या गावागावांतून आली होती, आणि त्यातली कित्येक पायी. म्हणजे याच रस्त्यांनी. गडांचा मार्ग म्हणून जे लोक हे कडं फिरतात त्यांनी तळ्यावर न थांबता पुढे जाऊ नये. जावळी आणि महाड हे एकाच वाटेवरचे मुक्काम आहेत.

महाड ते रायगड चोवीसेक किलोमीटर. शेवटी पाचाडचा चढ, मग जिजाबाईंची समाधी. ६ जून १६७४ ला राज्याभिषेक झाला आणि १७ जूनला त्यांनी पाचाडच्या वाड्यात देह ठेवला. गडावर रोपवेही जातो, पण सायकलने इथवर आलेल्याने पायऱ्याच चढाव्यात असं मला वाटतं, आणि तशा त्या चढताना गुडघे बोलतात हेही खरं. क्लीटचे बूट खाली ठेवून साध्या चपला घाला. गडाचं वर्णन मी इथे करत नाही, ते करणारे माझ्याहून जाणते पुष्कळ झाले.

*

परतीचा वरंधा घाट या कड्यातला सगळ्यात एकाकी भाग. बिरवाडी, वरंध, माझेरी, मग चढ. डावीकडे खाली शिवथरचं खोरं. समर्थ रामदासांनी दासबोध जिथे सांगितला असं मानतात ती घळ धुळ्याच्या शंकरराव देवांनी १९३० मध्ये शोधून काढली. माथ्याशी वाघजाईचं देऊळ आणि भजीच्या टपऱ्या. घाटरस्ता कावळ्या किल्ल्याला दोन तुकड्यांत चिरून जातो. तिथल्या एका टपरीवाल्या दादांनी पत्र्याखालून रस्त्याच्या कडेची एक जागा दाखवली. कठडा नव्हता, डांबर कडेने कुरतडल्यासारखं संपलं होतं, पुढे दरी. “दर पावसाळ्याला थोडा थोडा जातो,” ते म्हणाले. “आणि दर पावसाळ्याला आमचा धंदा बंद.” खरं आहे. पाऊस वाढला की प्रशासन हा घाट बंद करतं, अवजड वाहनांना तर बहुतेक पावसाळाभर.

२२ जुलै २०२१ पासूनच्या चोवीस तासांत महाबळेश्वरला ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. महाडजवळ तळिये गावावर डोंगर आला. आंबेनळीचा रस्ता कित्येक ठिकाणी खचला, कुठे कुठे सबंध वाहून गेला. एवढा पाऊस कुठल्याही रस्त्याला जड जाईल, हे मान्य. पण घाटात हळू जाणाऱ्याला काही गोष्टी दिसतात. माथ्यावर जांभा, त्याखाली काळा पाषाण आणि तांबड्या मुरमाचे थर. जांभ्यातून पाणी झिरपतं आणि खालच्या थरावर येऊन बाहेर फुटतं. जुन्या आखणीत अशा जागी दगडी मोऱ्या होत्या, डोंगराच्या बाजूने गटार होतं, पाणी रस्त्याखालून दरीत जायचं. आज कित्येक मोऱ्या मातीने बुजल्या आहेत, गटारावर डांबर किंवा टपरी आली आहे, आणि रुंदीकरणासाठी डोंगराचा पायथा उभा कापला आहे. सायकलवरून ताशी सात-आठच्या वेगाने जाताना मी हे मोरीगणिक बघितलेलं आहे. मग पाणी रस्त्यावरून वाहतं, आणि जिथून वाहतं तिथे रस्ता जातो.

रुंदीकरण नको असं मी म्हणत नाही. तळियेच्या, पारच्या, माझेरीच्या माणसांना दवाखाना आणि बाजार गाठायला रस्ता हवा, तो बारमाही हवा. पण त्यासाठी बैलांच्या वेळची आखणी मोडून डोंगर उभा कापावा लागत नाही. मोऱ्या उघडा, गटारं मोकळी ठेवा, कठडे बांधा, जिथे जागा आहे तिथे चार फूट मजबूत बाजूपट्टी द्या. पाठीवर भारा घेतलेल्या मावशींनाही ती हवी आहे आणि शाळेत चालत जाणाऱ्या पोरांनाही. आमच्या सायकली त्यांच्या मागे येतील. आणि जागतिक वारसा म्हणून गडांना मान मिळाल्यावर त्यांच्या पायथ्यांशी गाड्यांची सोय वाढवताना, पारच्या पुलासारख्या जागांवरून अवजड वाहनं जाणार नाहीत एवढी काळजी आत्ताच घ्यावी. हे सार्वजनिक बांधकाम खात्याने करायचं आहे, पण मागायचं आपण आहे. ग्रामपंचायतींनी ठराव करावेत, सायकल क्लबांनी आपल्या मार्गावरच्या बुजलेल्या मोऱ्यांचे फोटो ठिकाणासह तालुक्याच्या उपविभागाला पाठवावेत. आम्ही हे सुरू केलं आहे. एका मोरीचा गाळ निघालेलाही पाहिला आहे.

तुम्हाला जायचं असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ निवडा आणि शनिवार-रविवार टाळा. चार दिवस घ्या, वाई, कुंभरोशी आणि महाड अशा मुक्कामांनी. मागे लाल दिवा दिवसाही चालू ठेवा, दोन जादा ट्यूब आणि नवे ब्रेक पॅड बरोबर असू द्या. मागची सर्वांत मोठी दाती चौतीस दातांची असली तर प्रतापगडाला उतरावं लागणार नाही. महाबळेश्वरात पाणी भरून घ्या, खाली कुंभरोशीपर्यंत टपरी मिळेलच असं नाही. आणि महाडहून परत निघण्याच्या आदल्या संध्याकाळी वरंधा घाट सुरू आहे का, हे भोरकडून आलेल्या एसटीच्या चालकाला विचारून घ्या. त्याची माहिती पक्की असते.